टीसी काढायची घाई नको

«मॅडम, नमस्कार. मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी, चौथं सेमिस्टर चालू आहे. बाबा पाटबंधारे खात्यात आहेत, त्यांची पुण्याला बदली झालीय. जूनमध्ये घर हलवायचं चाललंय आणि मी तिसरं वर्ष पुण्यात करावं असं आईबाबांचं म्हणणं आहे. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले काका म्हणाले, ‘तुझे क्रेडिट एबीसीत आहेत, टीसी घे आणि कुठंही जा.’ बाबा पुण्यातल्या एका कॉलेजात जाऊन आले, तर तिथे म्हणाले, ‘आधी टीसी आणि मायग्रेशन आणा, मग बघू.’ दुसरी गोष्ट म्हणजे मला तिन्ही विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपला, म्हणजे उन्हाळ्यात शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला, अर्ज करायचाय. त्याला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. एचओडी सर म्हणाले, ‘तूच टाईप करून आण, मी सही करतो.’ मला खरं शिकवलंय ते प्रॅक्टिकलच्या मॅडमनी, पण त्या सीएचबीवर, म्हणजे कायम नाही, तासांप्रमाणे मानधनावर आहेत. मैत्रिणी म्हणतात, सीएचबीच्या पत्राला कोण विचारतं? पत्र कसं लिहू? एखादा नमुना पाठवाल का? आजी म्हणते, मी जळगाव सोडून कुठे येणार नाही, तुम्ही जा. डोकं चालेनासं झालंय. — अधांतरी, जळगाव»

प्रिय अधांतरी,

नमुना पाठवणार नाही. का, ते पुढे सांगते. आधी टीसीचं बोलू, कारण तिथं चूक झाली तर निस्तरण्यात अख्खं वर्ष जाईल.

बाबांना आजच सांग, टीसीचा अर्ज टाकू नका. टीसी काढली की तुझं नाव तिथल्या पटावरून गेलं. नंतर पुण्याच्या कॉलेजने ‘जागा भरल्या’ किंवा ‘तुमचे विषय जुळत नाहीत’ म्हटलं तर तू ना इथली राहशील ना तिथली. ‘आधी टीसी आणा, मग बघू’ यातलं ‘मग बघू’ जरा नीट ऐक. खिडकीतल्या माणसाला ते म्हणायला काही पडत नाही. जातं ते तुझं वर्ष.

म्हणून तू दुसऱ्या टोकाकडून सुरुवात कर. पुण्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने एक साधा अर्ज लिही. सोबत झालेल्या तीन सेमिस्टरच्या मार्कशीट आणि सिलॅबस जोड. विचारायचं एवढंच, की हे विषय पाहता तिसऱ्या वर्षाला प्रवेश देता येईल का, आणि येत असेल तर कोणते पेपर जास्तीचे द्यावे लागतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. उत्तर लेखी आलं आणि पुणे विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी विभागाचा होकार मिळाला, की मग जळगावच्या कॉलेजची एनओसी, मग टीसी. मायग्रेशन सर्टिफिकेट कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, तेव्हा त्यासाठी उमविची, म्हणजे तुमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, चक्कर वेगळी.

चक्कर पडतेय ती विद्यापीठ बदलतंय म्हणून. बाबांची बदली धुळ्याला किंवा नंदुरबारला झाली असती तर विद्यापीठ तेच राहिलं असतं आणि यातले निम्मे कागद वाचले असते. नाशिकला झाली असती तर मात्र हेच सगळं करावं लागलं असतं, कारण नाशिक पुणे विद्यापीठात मोडतं. महाडीबीटीवर तुझी शिष्यवृत्ती चालू असेल तर मध्येच कॉलेज बदलल्यावर रिन्यूअलचं काय होतं, तेही त्याच अर्जासोबत विचारून घे.

आता क्रेडिटचं. ऑफिसातले काका खोटं बोललेले नाहीत, अर्धंच बोललेत. एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, पास झालेल्या पेपरांच्या क्रेडिटचं ऑनलाईन खातं. यूजीसीने २०२१ साली नियमावली काढून ती सुरू केली. डिजिलॉकरमधून तुझा बारा आकडी नंबर निघालेला असेल. त्या खात्यात क्रेडिट चढवणं हे संस्थेचं काम, आपल्याला ते जमत नाही. तेव्हा आज रात्री डिजिलॉकर उघड आणि तिन्ही सेमिस्टर दिसतायत का बघ. दिसत नसतील तर जळगावात आहेस तोवरच ऑफिसच्या मागे लाग. पुण्यात बसून फोनवर हे होत नाही.

सगळे क्रेडिट दिसले तरी त्यातून कळतं एवढंच, की अमुक नावाचा पेपर तू पास झालीस. तो पुण्याच्या कुठल्या पेपराच्या जागी बसतो, हे बँक सांगत नाही. ते माणसं ठरवतात, टेबलाभोवती बसून, आणि बहुतेकदा दुपारच्या चहानंतर.

मी अशा टेबलाशी बसलेली आहे. एका वर्षी दोन मुलं बाहेरच्या विद्यापीठांतून आली होती. पहिल्याकडे फक्त मार्कशीट. तीवर लिहिलेलं ‘केमिस्ट्री पेपर दोन’. आता त्या दोनमध्ये थर्मोडायनॅमिक्स होतं की कायनेटिक्स, प्रॅक्टिकलला किती तास होते, कोण सांगणार? त्याला विचारलं तर म्हणाला, ‘सगळंच होतं मॅडम.’ खरंही असेल. आम्ही त्याचा तो पेपर धरला नाही. दुसरीने त्या दोन वर्षांचा छापील सिलॅबस आणला होता, पानापानावर तिच्या कॉलेजचा शिक्का आणि सही. शिवाय प्रॅक्टिकलचं जर्नल, ज्यात दर प्रयोगाखाली बाईंची लाल शाईतली सही आणि तारीख. आमचा सिलॅबस शेजारी ठेवून युनिटमागून युनिट टिक करत गेलो, दहा मिनिटांत काम झालं. तिचे मार्क पहिल्यापेक्षा कमी होते, हेही सांगून ठेवते.

जर्नल रद्दीत घालू नकोस. आणि सिलॅबस तू शिकलीस त्या वर्षाचाच घे. वेबसाइटवर वरती दिसतो तो नवा असतो, आणि नव्या शैक्षणिक धोरणापासून तो दर थोड्या दिवसांनी बदलतोय.

मेजरचे पेपर बरेचसे जुळतात. सेंद्रिय रसायन जळगावात वेगळं आणि पुण्यात वेगळं नसतं. अडतं ते मायनरमध्ये आणि बाकीच्या आद्याक्षरांत: ओई (खुले ऐच्छिक विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे पेपर), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीईपी (समाजात जाऊन करायचं काम). तुझा मायनर बॉटनी. त्या कॉलेजात केमिस्ट्रीबरोबर बॉटनी मायनर चालतो का? नसेल तर ते क्रेडिट खात्यात नुसते पडून राहतील आणि तुला फिजिक्सचा नाहीतर मॅथ्सचा मायनर मागून उरकावा लागेल, तोही तिसऱ्या वर्षाच्या ओझ्याबरोबर.

पण तुझा खरा पेच याच्याही पुढे आहे आणि तो तुला कोणी सांगितलेला दिसत नाही. एबीसीच्या त्या २०२१ च्या नियमावलीत एक अट आहे: जिची पदवी घ्यायची, त्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असायला हवेत. कागद-पेन्सिल घे. सेमिस्टरला २२ धरले तर वर्षाचे ४४, तीन वर्षांचे १३२. त्याचे निम्मे ६६. तू दुसरं वर्ष संपवून जाशील तेव्हा जळगावात ८८ झालेले असतील आणि पुण्यासाठी उरतील ४४. म्हणजे एक तृतीयांश. निम्म्याला २२ कमी.

चार वर्षांची ऑनर्स पदवी धरली तर एकूण १७६ आणि निम्मे बरोबर ८८. मग दोन वर्षं इथली, दोन तिथली, हिशोब काठावर बसतो. पण त्यासाठी त्या कॉलेजात तुझ्या विषयाचं चौथं वर्ष चालू असायला हवं, ते सगळीकडे नाही. विद्यापीठांचे बदलीचे स्वतःचे जुने नियमही असतात आणि त्यांखाली मुलांना घेतातही. तुला कशाखाली घेतायत, हाच प्रश्न अर्जात असाच्या असा घाल: ‘माझे ८८ क्रेडिट बाहेरचे असताना तीन वर्षांची पदवी आपल्याकडून मिळेल का?’ या एका वाक्याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पुण्यात कुठेही फी भरायची नाही.

आता मला काय वाटतं ते. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते: बदलूच नकोस.

पत्राच्या शेवटी तू घाईघाईत लिहिलंस की आजी जळगाव सोडायला तयार नाही. घरात ती अडचण म्हणून मोजली जात असेल. मला तर ती तुझी सोय दिसतेय. तिसरं वर्ष म्हणजे दोन सेमिस्टर. आजीपाशी राहा, पदवी इथूनच घे आणि एम.एस्सी.ला पुण्याला जा. तेव्हा तुला पाहुण्यासारखं मागच्या दाराने शिरायचं नसेल, पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर प्रवेश असेल. तीन वर्षांच्या पदवीवर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांच्या ऑनर्सवर एक. हिशोब दोन्हीकडून पाचावर येतो. आजीला सोबत होईल, तुला हिवाळाभर भरीत मिळेल आणि आईबाबांना पोरगी हॉस्टेलवर टाकल्याचा घोर राहणार नाही. आईला हे पटवताना क्रेडिटचा हिशोब सांगू नकोस, आजीच्या औषधांकडे कोण बघणार ते विचार.

माझं हे म्हणणं नुसतं क्रेडिटमुळे नाही. तुझ्या शिफारसपत्राचाही धागा इथंच आहे. तुला ओळखणारी माणसं जळगावात आहेत. पुण्यात गेलीस तर दिवाळीच्या आसपास अर्ज भरताना तिथल्या शिक्षकांना तुला पाहून जेमतेम चार महिने झालेले असतील, आणि त्यातला एक प्रवेशाच्या गोंधळात गेलेला असेल.

तर, पत्र. सरांनी ‘टाईप करून आण’ म्हटलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. एचओडींच्या टेबलावर नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल, परीक्षेचं सुपरव्हिजन, प्रवेशसमिती आणि शंभरावर मुलं एकदम असतात. तरीही तू टाईप करून नेऊ नकोस. एक तर ते खरं नाही. पत्र ज्याच्या नावाने जातं त्याने ते लिहावं, एवढीच त्या कागदाची किंमत असते. आणि दुसरं, ते ओळखू येतं. ‘हुशार, मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ ही चौकडी मी इतक्या पत्रांत वाचलीय की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. एकदा तर एकाच झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरून निघालेली तीन पत्रं एकाच आठवड्यात आली. त्यातल्या एका मुलीचा दुसऱ्या परिच्छेदात अचानक मुलगा झाला होता, आधीच्या पोराचं पत्र बदलताना इंग्रजी सर्वनाम बदलायचं राहून गेलेलं. नमुना पाठवत नाही तो यासाठी.

आपल्याकडे गोंधळ होतो तो वर्तणुकीच्या दाखल्यामुळे. माझ्या सरांनी मला दिलेलं पत्र दोन ओळींचं होतं: ही आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे हिची वर्तणूक चांगली आहे. सरांचं माझ्यावर प्रेम होतं, पण त्यांना तसंच लिहायची सवय होती. असा दाखला सांगतो की मुलीने खिडक्या फोडल्या नाहीत. शिफारसपत्राने सांगायचं असतं, की ही पोर उद्या तुमच्या लॅबमध्ये आली तर काय करेल.

मी एका मुलीसाठी काय लिहिलं ते सांगते. आयोडोमेट्रीचं प्रॅक्टिकल होतं. थायोसल्फेट ब्युरेटमध्ये, खाली आयोडीन. स्टार्च शेवटी घालायचं असतं, द्रावण फिकट पिवळं झाल्यावर. तिने सुरुवातीलाच घातलं. निळा-काळा रंग बसला तो जाता जाईना, रीडिंग भलतंच आलं. शेजारच्या तिघांचं एकमेकांशी जुळणारं रीडिंग तिला दिसत होतं, ते उतरवून घेतलं असतं तर मला कळलंही नसतं. तिने आपल्या रीडिंगवर एक सरळ रेघ मारली, पुढे लिहिलं, ‘स्टार्च लवकर पडलं’, आणि नवं फ्लास्क घेतलं. मग मला येऊन विचारलं, लवकर घातलं तर आयोडीन सुटत का नाही? मी पत्रात हेच लिहिलं, दहाएक ओळींत. तिच्या टक्केवारीचा उल्लेखही केला नाही, ती मार्कशीटवर असतेच.

असा प्रसंग तुझ्या मॅडमच्या डोक्यात असेल, पण पन्नास मुलांत तो पटकन वर येणार नाही. म्हणून पत्राऐवजी एक पान माहिती ने. वर तुझं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी नंबर), कोणत्या सेमिस्टरला त्यांच्याकडे कोणता पेपर किंवा प्रॅक्टिकल होतं. मग दोन-तीन प्रसंग, जसे घडले तसे, आपली पाठ न थोपटता: काय चुकलं, काय विचारलं, काय पुन्हा केलं. जर्नलच्या त्या पानाची झेरॉक्स जोड. मग कशासाठी अर्ज करतेयस, तिथे काय करायची इच्छा आहे, पत्र कोणाच्या नावाने, कागदावर की ऑनलाईन, आणि शेवटची तारीख. खरी तारीख लिही. आठ दिवस अलीकडची लिहून शिक्षकांना पळवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. सरांना सांगायचं, ‘सर, पत्राची भाषा मला जमणार नाही, पण तुम्हाला सोपं जावं म्हणून सगळी माहिती एका पानावर आणलीय.’ बऱ्याचदा समोरचा तिथल्या तिथे चार ओळी खरडतो. नाही खरडल्या तर आभार मानून ये.

कारण तुला पत्र हवंय ते सरांचं नाहीच. ते सीएचबीच्या मॅडमचं हवंय.

‘सीएचबीच्या पत्राला कोण विचारतं’ हे आपल्या स्टाफरूममधलं राजकारण आहे, फेलोशिपचे अर्ज वाचणाऱ्या, बेंगळुरूच्या अकादमीत बसलेल्या शास्त्रज्ञाला त्याच्याशी कर्तव्य नाही. तासिका तत्त्वावर असणं ही त्यांच्या नेमणुकीची गोष्ट आहे, त्यांना दिसतं किती याची नाही. वर्षभर आठवड्याला दोन-दोन प्रॅक्टिकल ज्यांनी तुझ्या डोक्यावर उभं राहून घेतली, त्यांच्या एका परिच्छेदापुढे रोल नंबरने ओळखणाऱ्या विभागप्रमुखांचं पानभर पत्र फिकं पडतं. पदाचं वजन हवंच असेल तर मॅडमनी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहावं, त्याला प्राचार्यांची परवानगी घ्यावी, आणि पहिल्याच वाक्यात सांगावं की या विद्यार्थिनीला मी कुठल्या वर्गापासून आणि किती काळ शिकवतेय. कुठे दोन पत्रं लागली तर दुसरं सरांचं घे, ते त्या जागी चांगलं चालेल.

मात्र सीएचबीची एक अडचण खरी आहे आणि ती तुला दिवाळीत भोवेल. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. या एप्रिलमध्ये तास संपले की जुलै-ऑगस्टमध्ये मॅडम त्याच कॉलेजात असतील याचा भरवसा त्यांनाही नसतो. तेव्हा विचारायचं ते आत्ता. अर्ज उघडायला अवकाश असला तरी हरकत नाही. माहितीचं पान आत्ता दे, तुझं काम त्यांना ताजं आठवतंय तोवर दोन परिच्छेद लिहून ठेवा म्हण, आणि कॉलेज सुटलं तरी चालू राहील असा त्यांचा ईमेल घेऊन ठेव. पुढे कधी परदेशी अर्ज करशील तेव्हा बहुतेक ठिकाणी पत्र तुझ्या हातात येतच नाही. विद्यापीठ शिक्षकांच्या ईमेलवर लिंक पाठवतं आणि ती स्पॅममध्ये पडून राहते. तेव्हा फोन करून आठवण द्यायला लाजू नकोस. तिथे एक चौकट असते, ‘मी हे पत्र पाहण्याचा हक्क सोडते’ अशी. त्यावर टिक करायची असते. ज्यांचं पत्र न वाचता पाठवायला तुला भीती वाटते, त्यांच्याकडे मागूच नये.

राहिला एक किरकोळ मुद्दा. तुझ्या कॉलेजात तुला एक मेंटॉर नेमून दिलेला असेल. नॅक आलं की त्या मेंटॉर-डायऱ्या भरून घेतात आणि एरवी कपाटात असतात. तरी जाऊन भेट. एनओसीच्या अर्जावर आणि सिलॅबसच्या शिक्क्यांवर आतल्या माणसाने एक शब्द टाकला तर तुझे चार हेलपाटे वाचतील. तू जळगावातच राहिलीस तरीसुद्धा हे शिक्के आत्ताच घेऊन ठेव, एम.एस्सी.च्या वेळी लागतील.

उद्या सकाळी टाइमटेबलवर मॅडमचा शेवटचा तास कधी आहे ते बघ आणि तो संपायच्या पाच मिनिटं आधी लॅबच्या दाराशी उभी राहा. सीएचबीवरची माणसं तास संपला की स्टाफरूममध्ये थांबत नाहीत, त्यांना पुढच्या कॉलेजची बस गाठायची असते.